जिथून जमते, तिथून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९९६ साली आपण दहावीची परीक्षा देऊन शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो. त्यानंतर एवढे सगळे एकत्र आज बसलो आहोत. संयोजकांनी मला सांगितलं, "तू कम्प्युटरवाली आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज कोणी ना कोणी बोलतंच. मी गोल्फवर बोलणार आहे. हसू नका. आर्वी नाक्यावरून सायकल हाणत शाळेत येणारी मुलगी गोल्फ खेळते, याचं मलाही अजून नवल वाटतं. आपल्याला दांड्याने गिल्ली उडवायची माहीत. चेंडू जमिनीवर ठेवून, कोणी आऊट करायला नसताना मारायचा, हा खेळ आपल्या गावचा नव्हे.

चार वर्षांपूर्वी पुण्यात कंपनीतल्या सहकाऱ्यांच्या नादाने मी सुरुवात केली. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात जिथून करायची, त्या जागेला टी म्हणतात. एकाच होलसाठी अशा तीन-चार टी असतात, एकामागे एक, वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावलेल्या. सगळ्यात मागची व्यावसायिक खेळाडूंसाठी आणि सगळ्यात पुढची बहुतेक ठिकाणी लाल. या लाल टीला वर्षानुवर्षं 'लेडीज टी' म्हणत आले आहेत. आता अनेक ठिकाणी ते नाव सोडून 'फॉरवर्ड टी', म्हणजे पुढची टी, असं म्हणतात.

पहिल्याच दिवशी एक सहकारी म्हणाला, "मॅडम, तुमची टी ती पुढे." झालं! वर्ध्याची मुलगी, इंजिनिअरिंगच्या वर्गात साठ पोरांत आम्ही सात जणी. मी म्हटलं, तुम्ही जिथून खेळाल तिथूनच मी खेळणार. आणि दीड वर्ष तशीच खेळले.

काय झालं ते हिशोबाने सांगते. समजा, एक होल मागच्या टीपासून ३७० यार्डांवर आहे आणि चार फटक्यांत पुरा व्हायला हवा. त्याला पार चार म्हणतात. माझा सगळ्यात लांब फटका जेमतेम १५० यार्ड. उरले २२०. दुसरा फटका १३०. उरले ९०. म्हणजे सगळं अगदी मनासारखं झालं, तर तिसऱ्या फटक्याला मी ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. एक फटका चुकला की चौथा, पाचवा. लाल टीवरून तोच होल २६० यार्ड. पहिला फटका १५०, उरले ११०, दुसऱ्या फटक्याला ग्रीनवर, आणि दोन पटमध्ये चेंडू भोकात. पार!

मागून खेळताना मी दीड वर्ष एकच गोष्ट शिकत होते: जीव खाऊन लांब मारणं. जवळून नेम धरून चेंडू ग्रीनवर टाकणं, वीस पावलांवरून हलकेच उचलणं, हातभर अंतरावरून शांतपणे ढकलणं, याची पाळी येईपर्यंत मी दमलेली आणि चिडलेली असायची. स्कोअर १२० च्या खाली येत नव्हता. पाठ धरली ती वेगळीच.

मग वाचनात आलं की २०११ मध्ये अमेरिकेतल्या पीजीए आणि यूएसजीए या दोन मोठ्या संस्थांनी लोकांना पुढच्या टीवरून खेळा असं सांगणारी मोहीमच काढली होती. कल्पना बार्नी अ‍ॅडम्स या क्लब बनवणाऱ्या माणसाची. त्यांनी एक तक्ता दिला. ड्रायव्हरने २०० यार्ड मारत असाल, तर पूर्ण मैदान ५,२०० ते ५,४०० यार्डांचं निवडा. १५० मारत असाल, तर ३,५०० ते ३,७००. मी माझा आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. मला लाल टीसुद्धा लांबच होती, आणि मी तिच्याही मागे जाऊन उभी राहत होते! आणि ही मोहीम बायकांसाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. ताकदीपेक्षा लांबून खेळणारे पुरुषच जास्त असतात.

पुढून खेळणं म्हणजे फसवणूकही नाही. प्रत्येक टीचं रेटिंग वेगळं असतं आणि हँडिकॅप काढताना ते धरलं जातं. सोप्या जागेवरून खेळलात, तर हिशोबही तसाच होतो. चांगले खेळाडूही मुद्दाम अधूनमधून पुढून खेळतात, कमी स्कोअर करायची मनाला सवय लागावी म्हणून. आणि लांब मारणं म्हणजे सगळं नव्हे, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकने दाखवलंच. लांब मारणाऱ्यांत ती नव्हती. तरी पटिंगच्या जोरावर ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं.

मी लाल टीवर गेले. स्वतःला अट घातली की शंभराच्या आत आल्याशिवाय मागे सरकायचं नाही. आठ महिने लागले. ९७ झाला त्या दिवशी मला आठवण झाली ती आपल्या गणिताच्या सरांची.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला कदाचित आठवत नसेल. आठवीत बीजगणितात माझी दांडी उडाली होती. तुम्ही मला पाचवीचं पुस्तक दिलं आणि म्हणालात, "अपूर्णांक कर. सारे कर. ताळा करून दाखव." मी घरी जाऊन रडले. आठवीची मुलगी, पाचवीचं पुस्तक! दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले, तर तुम्ही म्हणालात, "यात कमीपणा कायचा? जिथून जमते, तिथून सुरू कर." तीन आठवडे मी अपूर्णांक केले. मग बीजगणित आपोआप सुटायला लागलं. तुम्ही मला सोपं गणित दिलं नव्हतं. शेवटपर्यंत नेता येईल असं गणित दिलं होतं.

आपल्या वर्ध्याला हे नवं नाही. १९३७ मध्ये इथेच शिक्षण परिषद भरली, नयी तालीमची कल्पना इथूनच देशभर गेली. तिथेही पोराच्या हातात आधी टकळी, मग चरखा.

आणि तरी मी हे विसरले, म्हणून आज बोलते आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये यवतमाळकडची एक मुलगी आली. हुशार, बुजरी, इंग्रजी अडखळत बोलणारी. मला वाटलं, हिला लवकर वर आणू. पहिल्याच आठवड्यात मी तिला सगळ्यात अवघड मॉड्यूल दिलं. म्हटलं, मीही अशीच शिकले. हे खोटं होतं. मी अशी शिकले नव्हते. ती रात्री-रात्री बसायची, विचारायला लाजायची, आणि मी समजायची की काम चाललंय. चौथ्या महिन्यात तिने राजीनामा दिला. जाताना म्हणाली, "मॅडम, मला हे जमत नाही." मी ते मान्य केलं. चूक तिची नव्हती. मी तिला मागच्या टीवर उभं केलं होतं आणि अंतर मोजलंच नव्हतं.

आता नवीन मुलांना मी आधी लहान काम देते, पण पूर्ण देते: लिहिणं, तपासणं, ग्राहकापर्यंत पोचवणं, सगळं त्यांचं. ते जमलं की एक टी मागे. त्या मुलीला मागच्या महिन्यात मी फोन केला आणि माफी मागितली. ती आता दुसरीकडे चांगलं काम करते. ते तिचं श्रेय, माझं नाही.

आपल्यातले बरेच जण आज आई-बाप आहेत, काही शिक्षक आहेत. पोरगं अडलं की आपण म्हणतो, "आमच्या वेळी आम्ही नाही केलं का?" त्याआधी एकदा अंतर मोजून बघा, एवढंच सांगायचं होतं.

सर, पाचवीचं ते पुस्तक मी परत केलं की नाही, ते आठवत नाही. केलं नसेल, तर माफ करा. आणि ते दिल्याबद्दल, तीस वर्षांनी का होईना, तुमचे आभार.