उशिरा, पण स्वतःच्या पायांनी



आपण आता पाठोपाठ नावे ऐकली, टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच सहीची पदवी मिळाली. म्हणूनच अशा एका बाईंची आठवण काढावी असे मला वाटते, ज्यांना ना कुठल्या विद्यापीठाने काही दिले, ना कुठल्या शाळेने. नवऱ्याने घरीच अक्षरओळख करून दिली, तेवढेच त्यांचे शिक्षण. ओळख सांगायची तर पाळकाची बायको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी, लक्ष्मीबाई टिळक.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याने पछाडले. धान्य धुवायचे हे समजू शकते. त्या घरात मीठ आणि साखरही धुतली जाई! धुतलेल्या साखरेचे काय उरत असेल ते पदार्थविज्ञानवाल्यांनी सांगावे. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि या मुलीच्या वाट्याला नवराही असा आला, की कविता सुचली तर जेवायचे विसरेल, हाती पैसा आला तर वाटेत देऊन टाकेल आणि मनात आले तर न सांगता गावच सोडेल.

या नवऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात हे घडणे म्हणजे घरातले माणूस जिवंतपणी जाणेच. हातात लहानगा मुलगा दत्तू, डोक्यावर नातेवाइकांचे उपकार आणि गावभर कुजबुज. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. दुःख अनावर झाले तेव्हा त्याच दिवसांत त्यांना ओव्या, कविता सुचू लागल्या.

मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीही, इथे जरा थांबा. त्या काळच्या पतिव्रतेला सोपी वाट होती: नवरा गेला त्या धर्मात मुकाट्याने जायचे. माहेरच्यांना हवी होती ती वाटही सोपी होती: नवऱ्याचे नाव टाकायचे. लक्ष्मीबाईंनी दोन्ही नाकारल्या. नवऱ्यावरचे प्रेम सोडले नाही आणि न पटलेली श्रद्धाही उसनी घेतली नाही. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी चूल आणि पाणी वेगळेच ठेवले. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या नावावर मांडलीच पाहिजे.

मग राहुरीला असताना एक दिवस त्यांनी स्वतःलाच विचारले, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर पटले आणि साखर धुणाऱ्या घरातल्या लेकीने ठरवून टाकले, की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ती पाच वर्षे वाया गेली असे कुणी म्हणेल. मला वाटते, त्यांची खरी पदवी त्याच पाच वर्षांत झाली.

पाळकाच्या घराला दार असते, पण कडी नसते असे म्हणावे असा तो संसार. अहमदनगरच्या त्या घरात परक्यांची पोरे वाढली, शिकली. बालकवी ठोंबरे त्याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. टिळकांची कीर्तने आणि भजने मंडळीत गाजत होती, तेव्हा पीठ किती उरले आहे हे पाहणारे माणूस स्वयंपाकघरात होते. नगरला प्लेग आला आणि माणसे जिवलगांना सोडून पळू लागली, तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या छावणीत शुश्रूषेला उभ्या राहिल्या. व्यासपीठावरचा उपदेश टिळकांचा. तो हातापायांनी खरा करून दाखवण्याचे काम बाईंचे.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. मागे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. सुमारे अकरा अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडलेली. शुद्धलेखनाशी त्यांचे कधी जमले नव्हते. या बाईंनी ते महाकाव्य हाती घेतले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली! आपल्यापैकी कित्येकांना प्रबंधाचे पाचवे प्रकरण जड जाते, म्हणून हा आकडा सांगितला. मीही त्याला अपवाद नाही.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ही आत्मकथा पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी गद्यात एक खणखणीत आवाज दाखल झाला. त्या पुस्तकात तक्रार करण्याजोगे प्रसंग पानोपानी आहेत आणि तक्रार जवळजवळ नाही. सर्वांत जास्त हसे बाईंनी स्वतःचे केले आहे. नवऱ्याचा संताप, विसरभोळेपणा, भाबडा उदारपणा, काही झाकले नाही. तरी पुस्तक मिटताना आपल्याला टिळक आवडू लागलेले असतात. खरे बोलूनही माणसाला लहान न करणे ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात आहे, ते मला अजून सापडलेले नाही. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले. विद्यार्थ्यांची वाक्ये सुधारताना माझ्या टेबलावर व्याकरणाशेजारी हे पुस्तक असायचे; व्याकरण चूक दाखवी आणि लक्ष्मीबाई वाक्यातला खोटेपणा दाखवत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या. नवऱ्याचे अपुरे काव्य ज्यांनी पुढे नेले, त्यांच्या स्वतःच्या आठवणी अपुऱ्या राहिल्या. त्यांचा शेवट त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्तांनी लिहिला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. श्रद्धा असो, राजकारण असो, जोडीदार असो की नोकरी, निर्णय उसना घेऊ नका. जिवापाड प्रेमाच्या माणसाकडूनही नाही. उशीर झाला तर होऊ द्या. काम मात्र दुसऱ्याचे अर्धे राहिलेले दिसले, तर ते आपले समजून हाती घ्या. आणि घरी गेल्यावर, पदवी भिंतीवर लावायच्या आधी, ज्या आईने, आजीने, मावशीने तुमच्यामागे नाव न लागता कष्ट काढले तिच्याजवळ बसा आणि तिला तिची गोष्ट सांगायला लावा. सांगेल ते लिहून घ्या. शुद्धलेखन नंतर पाहू.