रडार गनचा आकडा आणि वाढतं वय

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकेन्स या पिचरने मे 2025 मध्ये ताशी जवळपास 128 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. मोनिका अ‍ॅबटचा 2012 सालचा ताशी 124 किलोमीटरचा विक्रम तिने त्याआधी दोनच महिने, मार्चमध्ये मोडला होता. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात अंतर असतं 43 फूट. बेसबॉलच्या साडेसाठ फुटांवर बॅटरला तेवढाच कमी वेळ द्यायचा, तर ताशी 180 किलोमीटरने चेंडू टाकावा लागेल, आणि तेवढा वेग आजवर कुणाचाही नोंदलेला नाही. अशी बातमी आली की दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या पालकांना साहजिकच वाटतं, आपल्या मुलीचा वेग किती? माझं म्हणणं असं आहे, की या वयात रडार गनवरचा आकडा मुलीच्या कौशल्याबद्दल थोडं आणि तिच्या वाढीबद्दल बरंच सांगतो. त्या आकड्याच्या मागे लागलं, की जे खरोखर मोजायला हवं ते मोजायचं राहून जातं.

वेग येतो कुठून, ते आधी पाहू. सॉफ्टबॉलचा पिचर हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवतो आणि चेंडू मांडीजवळून खालून सोडतो. गोफणीसारखंच आहे हे: फिरण्याची गती तीच ठेवली आणि दोरी लांब केली, तर दगड जास्त वेगाने सुटतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास. हात लांबतो, पाऊल लांब पडतं, वजन आणि ताकद वाढते. म्हणून दहा ते चौदा या वयात वेग भराभर चढतो, आणि वाढ थांबत आली की चढाचा जोर ओसरतो. एकाच संघातल्या बारा वर्षांच्या दोन मुली घ्या. एकीची वाढ लवकर सुरू झालेली, दुसरीची अजून व्हायचीय. पहिलीचा आकडा मोठा दिसेल. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी हा क्रम उलटू शकतो. दुसरीला बाराव्या वर्षीच ‘हिला वेग नाही’ म्हणून आउटफिल्डला उभं केलं, तर ती पिचर म्हणून कधी पुढे येणारच नाही.

आता अंतराकडे पाहू. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुली 35 फुटांवरून पिचिंग करतात, बारा वर्षांखालच्या 40 फुटांवरून, आणि चौदा वर्षांखालच्या गटापासून 43 फूट. समजा, एखादी मुलगी 35 फुटांवरून ताशी 64 किलोमीटरने चेंडू टाकते. चेंडू प्लेटपर्यंत यायला साधारण 0.6 सेकंद लागतात. 43 फुटांवरून तेवढाच वेळ राखायचा, तर वेग ताशी 79 किलोमीटर हवा. म्हणजे या चार वर्षांत तिचा वेग ताशी 15 किलोमीटरने वाढला, घरात पेढे वाटले गेले, तरी समोरच्या बॅटरसाठी चेंडू एक क्षणही लवकर आलेला नाही. त्यात चेंडूही बदलतो. लहान गटातला 11 इंच घेराचा चेंडू जाऊन 12 इंची, जास्त वजनाचा येतो, आणि छोट्या तळहातातून तो सोडताना काही काळ वेग उतरूही शकतो. तो उतार दिसला की प्रशिक्षक घाबरतात आणि मुलीकडून जोर काढून घ्यायला लागतात. हे मला फार चुकीचं वाटतं.

यावर लोक म्हणतील, की विद्यापीठांचे निवडकर्ते तर वेगच विचारतात, आणि वरच्या पातळीवर वेगाशिवाय निभाव लागत नाही. खरं आहे. सतरा-अठराव्या वर्षी, वाढ पूर्ण झाल्यावर, तो आकडा पुष्कळ काही सांगतो. पण तेव्हाही बॅटर चकतो तो दोन चेंडूंच्या वेगातल्या फरकाने. तोच हात, तीच फिरकी, आणि चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू सोडलेला चेंडू, पंधरा-वीस किलोमीटरने मंद आला, की बॅट आधीच फिरून गेलेली असते. हे मनगटाचं आणि बोटांचं काम लहानपणी शिकता येतं, आणि त्याला उंची लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे. खालून टाकणं नैसर्गिक, त्याने खांद्याला काही होत नाही, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलंय. मोजमापं तसं म्हणत नाहीत. तरुण मुलींच्या पिचिंगवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की चेंडू टाकताना हात खांद्यातून बाहेर ओढणारा ताण व्यावसायिक बेसबॉल पिचरच्या तोडीचा असतो. 2009 च्या दुसऱ्या एका अभ्यासात दंडाच्या पुढच्या स्नायूची हालचाल तपासली गेली. हात मांडीकडे खाली येत असताना हा स्नायू कोपराला लगाम घालतो, आणि वरून चेंडू फेकण्यापेक्षा त्याला इथे जास्त झटावं लागतं. बाराव्या वर्षी हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो आणि तो अजून भरायचा असतो. अशा खांद्याकडून रोज ‘आणखी जोरात’ मागायचं का?

जपानच्या युकिको उएनोने 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून 413 चेंडू टाकले आणि देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. ती कामगिरी थोरच आहे. पण उएनो तेव्हा 26 वर्षांची, पूर्ण घडलेली खेळाडू होती, आणि सामना ऑलिम्पिकचा होता. शाळकरी मुलीला शनिवार-रविवारच्या स्पर्धेत सलग चार सामने टाकायला लावताना तिचा दाखला देता येत नाही. अमेरिकेतल्या लिटल लीग या संस्थेने मुलांच्या बेसबॉलमध्ये 2007 पासून पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घातली. सॉफ्टबॉलच्या मुलींना तेव्हा ते संरक्षण मिळालं नाही, कारण तोच जुना समज.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहे, आणि पुष्कळ शाळांकडे चांगला पिचर एकच असतो. तिला बसवलं तर सामना जातो, हे प्रशिक्षकांचं म्हणणं मला समजतं. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये स्पर्धा असेल तर जूनपासून तीन मुलींना पिचिंग शिकवायला हवं, त्यात उशिरा वाढणारी एक तरी असावी. स्कोअरशीटवर पिचरच्या नावापुढे तिने टाकलेले सगळे चेंडू लिहायचे, सरावातलेही. पेन्सिल पुरते. उंची दर तीन महिन्यांनी त्याच कागदावर नोंदवली, की वेग का वाढला किंवा का अडला, याचं उत्तर बहुतेक वेळा शेजारच्याच रकान्यात सापडतं.