परगावी गेलेले उतारवय आणि मधुमेह
(व्याख्यानाची संहिता)



जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पंचक्रोशीतील शेतमाल येथे येतो, आणि त्या व्यापाराच्या आधारावर येथील अनेक कुटुंबांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. गेल्या दोन-तीन दशकांत मुले शिकली आणि पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, काही थेट परदेशात स्थिरावली. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांच्या पाठोपाठ सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले आई-वडीलही गाव सोडू लागले. स्थलांतर म्हटले की मराठवाड्यात ऊसतोड मजुरांचा तांडा डोळ्यांसमोर येतो. दुकानाला कुलूप लावून एका पिशवीनिशी मुलाकडे निघालेला वृद्ध पिताही स्थलांतरितच असतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या पिशवीत बहुधा मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे असतात, आणि त्या गोळ्यांची हकीकत ठाऊक असलेला डॉक्टर गावीच राहिलेला असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीयांना हा विकार तुलनेने कमी वजनातही होतो. म्हणूनच ‘अंगाने सडपातळ आहे, त्याला कसली साखर?’ हा समज घातक ठरतो. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेहाचा विचार करून तपासणीने त्याची खात्री करावी लागते.

हा विकार औषधाइतकाच सातत्यावर सांभाळला जातो, आणि स्थलांतराने नेमके तेच सातत्य तुटते. चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे आणि उरलेले गावी अशी फिरती असली की प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर नव्याने आरंभ करतो. जुनी फाइल हाताशी नसते. एकच औषध दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी लिहिले जाते आणि वृद्ध मनुष्य दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत राहतो. मुलगा-सून दिवसभर कामावर असतात. त्यांचा वेळ मोडू नये म्हणून पायाला झालेली जखम, हातापायांची बधिरता, अंधुक झालेली दृष्टी या गोष्टी सांगितल्याच जात नाहीत.

जगात अन्यत्रही हेच घडते. १९७५ नंतर व्हिएतनाम सोडून अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांतील वृद्धांना इंग्रजी येत नसल्याने डॉक्टरांसमोर नातवंडांना दुभाषी करावे लागले, आणि नातवाच्या तोंडून आपल्या व्याधी सांगताना अर्धे दुःख संकोचाने आतच राहिले. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांनाही ग्रीनकार्ड मिळाल्यानंतर तेथील वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यास पात्र होण्यासाठी सामान्यतः पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागते. तोवर खाजगी विम्याचाच आधार असतो, आणि प्रवासविम्यात जुन्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला असतो.

येथे एक नाजूक प्रश्न येतो, तो व्रतनियमांचा. साखर वाढण्याची भीती सर्वांना असते. उतारवयात साखर उतरण्याची भीती त्याहून तातडीची असते. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड ही लक्षणे दिसतात. वृद्धांत मात्र ती पुष्कळदा दिसत नाहीत. केवळ बोलण्यात गोंधळ होतो किंवा मनुष्य रात्री उठताना कोसळतो, आणि घरचे त्यास वयाचा परिणाम समजतात. चौविहाराचा विचार याच दृष्टीने व्हावा. हिवाळ्यात सूर्यास्त ते सूर्योदय हा काळच सुमारे तेरा तासांचा असतो. त्यावर नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर जवळजवळ चौदा तास पोटात काही जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता हे अंतर धोक्याचे ठरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्याने निर्जळ उपवास केल्यास शरीरातील पाणी कमी होते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका उद्भवतो.

याचा अर्थ तप सोडावे असा नव्हे. सोळा कारण भावनांमध्ये त्याग आणि तप दोन्ही शक्तीनुसार करण्यास सांगितले आहे. पचक्खाणातही समाधी टिकावी म्हणून आगार ठेवण्याची परंपरा आहे. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळा ठरवून घ्याव्यात, व्रताचे स्वरूप गुरुजनांना विचारून निश्चित करावे. जे व्रत डॉक्टरांपासून लपवावे लागते, त्याची चिंता घरातील सर्वांनाच करावी लागते.

इन्सुलिनविषयीही समाजात दीर्घकाळ संकोच राहिला आहे, आणि त्यास कारण होते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. त्यानंतर सुमारे सहा दशके ते गाय-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. अहिंसाव्रती मनाला ते जड जाणे स्वाभाविकच होते. परंतु १९८२ पासून मानवी इन्सुलिन जीवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत तयार होऊ लागले आणि पुढे यीस्टचाही उपयोग झाला. आज सर्वत्र प्रामुख्याने वापरले जाते ते हेच. तेव्हा जुन्या माहितीच्या आधारे इंजेक्शन नाकारून डोळे किंवा मूत्रपिंड गमावण्याचे कारण उरलेले नाही. शंका असल्यास बाटलीवरील माहिती डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

उपचारांची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मोठ्या आजारासाठी नांदेड किंवा संभाजीनगर गाठावे लागे. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यातून वर्षाला कुटुंबातील अशा ज्येष्ठांसाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होऊ शकतात. हे कार्ड पुण्यातही चालते आणि परराज्यातही, म्हणून फिरत्या वृद्धांसाठी ते विशेष उपयोगी आहे. मात्र अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. मधुमेह्याचा खरा खर्च रोजच्या गोळ्या, पट्ट्या आणि तपासण्यांचा असतो. तेथे शासकीय आरोग्य केंद्र आणि स्वस्त दरातील जनऔषधी केंद्र यांचाच आधार घ्यावा लागतो.

घराघरांतून करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांनी पुष्कळ काही वाचते. प्रत्येक वृद्धाची एक वही असावी. त्यात औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि शेवटच्या तपासण्या लिहिलेल्या असाव्यात, आणि माणूस ज्या गावी जाईल तेथे ती वही जावी. तळपाय रोज पाहावेत, अनवाणी चालणे टाळावे. मंदिरात पादत्राणे काढावीच लागतात, म्हणून घरी परतताच पाय तपासावेत. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांची तपासणी करावी. साखर उतरल्यास, मनुष्य शुद्धीवर असेल तरच, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

संस्थांनाही येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. वर्षातून एक शिबिर घेऊन छायाचित्रे काढण्यापेक्षा महिन्यातून एक ठरलेला दिवस साखर आणि रक्तदाब तपासून वहीत नोंद करणारी व्यवस्था अधिक उपयोगाची ठरेल. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या तरुणांनी तेथे आलेल्या गावच्या एखाद्या वृद्धासोबत दवाखान्यात जाऊन त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत डॉक्टरांपर्यंत पोहोचवले, तर ते वैयावृत्त्यच होय. सेवेला आपल्या परंपरेने अभ्यंतर तपात स्थान दिले आहे. ज्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुलांना परगावी धाडले, ती पिढी त्याच परगावी मुलांना त्रास नको म्हणून मूकपणे आजार सोसत आहे. तिला रोज एकदा ‘आज गोळी घेतलीत का, पाय पाहिलेत का?’ एवढे विचारणारे कोणीतरी हवे आहे.

जय जिनेंद्र.