मोडलेली टाच आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कडेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात विहिरी खोल आणि माणसे धाडसी. विहिरीच्या कठड्यावरून, माडीवरून किंवा चिंचेच्या झाडावरून माणूस उभाच्या उभा खाली आला, की साऱ्या देहाचा भार टाचेवर येतो आणि टाचेचे हाड अंड्याच्या कवचाप्रमाणे पिचते. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मिरजेस नेऊन शस्त्रक्रिया करा. दुसरा म्हणतो, हाडवैद्याला बोलवा. कर्ता पुरुष अंथरुणावर, ऊस शेतात उभा आणि पैशाची ओढ! अशा वेळी निर्णय केवळ भीतीने होऊ नये, म्हणून आम्ही हा विषय निवडला.

पावलात २६ हाडे असतात व सर्वांना एकच न्याय लागू पडत नाही. बोटांमागील लांब हाडे जागेवरच तडकली असतील, तर बहुधा पट्टी वा प्लास्टर पुरते. करंगळीमागील हाडाचा एक भाग मात्र सावकाश सांधतो. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यवैद्याने १९०२ साली या मोडीचे वर्णन केले. त्यास ती नाचताना स्वतःलाच झाली होती! याउलट हाड कातडी फोडून बाहेर आले, किंवा पावलाच्या मध्यभागाचे सांधे सरकले, तर शस्त्रक्रियेवाचून सहसा गत्यंतर नसते.

खरा वाद टाचेचा. ब्रिटनमधील २२ रुग्णालयांतून १५१ रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. कोणास शस्त्रक्रिया करावयाची व कोणास नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले होते. दोन वर्षांनी वेदना व चालणे यांत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. मात्र जखम चिघळणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे असे उपद्रव शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा २३, तर दुसऱ्यात शेकडा ४ होते. टाचेवरील कातडी पातळ, त्यामुळे असे होते. धूम्रपान करणारे व मधुमेही यांना हा धोका अधिक. तथापि ज्यांची टाच फारच वेडीवाकडी झाली होती, असे रुग्ण त्या तुलनेत घेतले नव्हते. त्यांच्याविषयी या आकड्यांवरून काही ठरविणे गैर होय.

शस्त्रक्रिया नको, याचा अर्थ उपचार नको असा मात्र नव्हे. क्ष-किरण तपासणी हवीच. पाय उशीवर उंच ठेवावयाचा, घोटा व बोटे लवकर हलवावयाची आणि सुमारे सहा आठवडे पायावर भार द्यावयाचा नाही. तेल चोळून रगडणे आणि बांबूच्या खपच्या करकचून आवळणे ही काही बिनशस्त्राची चिकित्सा नव्हे. रक्त अडून बोटे काळी पडतात, कधी पायही गमवावा लागतो. शल्यवैद्याने शस्त्रक्रिया आठ-दहा दिवस लांबविली, तर त्यास दिरंगाई समजू नये. सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे असते.

आणखी एक गोष्ट. उंचावरून टाचेवर पडलेल्याच्या पाठीच्या कण्यालाही कधी कधी इजा झालेली असते. पायाच्या कळांत ती लपून जाते. रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी पाठ दुखते का, हे अवश्य विचारावे. दुखत असल्यास त्यास उठवून बसवू नये, फळीवर सरळ निजवूनच न्यावे.