कथेतला ‘मी’ कोण?



बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्या शीर्षकातला ‘मी’ कोण? स्वतः बागुल, की कोणीच नाही? भन्ते नागसेनांनी मिलिंद राजाला विचारले होते, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव. कथेतले पात्रही, माझ्या मते, तसेच. शब्द काढले की उरत नाही. मग त्याला मार बसला की आपले अंग का ठणकते? भाड्याची खोली बघताना घरमालकाने आडनाव विचारले, तेव्हा मी अर्धेच नाव सांगितले होते. कथा त्याआधीच छापलेली होती. मी वाचली नंतर.