रिक्षेची बॅटरी : निवड, जोडणी आणि निगा



पहाटेची वेळ. रुग्णाला दवाखान्यात नेण्यासाठी एक कुटुंब तळावरच्या पहिल्या रिक्षेत बसते. चालक चावी फिरवतो. पण इंजीन सुरू होण्याऐवजी केवळ 'टक्' असा आवाज येतो. रुग्णाला दुसऱ्या वाहनात बसवावे लागते आणि चालकाचे दिवसाचे पहिले भाडे जाते. दुपारपर्यंत तो पदरमोड करून नवी बॅटरी बसवून घेतो. महिना-दोन महिने बरे जातात आणि मग एका सकाळी पुन्हा तोच 'टक्' ऐकू येतो. दोष बॅटरीत नव्हताच. तो बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत होता. त्याने जुन्या बॅटरीचा बळी घेतला होता, तसाच नव्या बॅटरीचाही घेतला. बॅटरी बदलणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे, ही गोष्ट रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि आम्ल यांवर चालणारी, पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. रिक्षेतील १२ व्होल्टची बॅटरी ही तिचीच वंशज होय. तिच्यात सहा घट असतात आणि प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. पूर्वीच्या रिक्षा हाताच्या दांड्याने सुरू करता येत असत. त्यामुळे बॅटरी अशक्त झाली तरी धंदा अगदीच बंद पडत नसे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक रिक्षांत इंधनाचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नियंत्रित करते आणि ही यंत्रणा बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरीचे महत्त्व त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे. विजेवर धावणाऱ्या ई-रिक्षेच्या बॅटऱ्या निराळ्या प्रकारच्या असतात. येथील विवेचन पेट्रोल, सीएनजी आणि डिझेलवरील रिक्षांपुरते आहे.

आधी तपासणी, मग खरेदी

बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिची टोके पाहावीत. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट थर किंवा सैल झालेली पकड एवढ्या कारणानेही रिक्षा सुरू होत नाही. त्यानंतर रिक्षा काही तास उभी ठेवून व्होल्टमापकाने दाब मोजावा. साधारण १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाब असल्यास बॅटरी भरलेली आहे असे समजावे. १२.४ ला ती सुमारे पाऊण, १२.२ ला निम्मी आणि १२ च्या खाली बहुतेक रिकामी असते. रिकामी बॅटरी म्हणजे बिघडलेली बॅटरी नव्हे. तिला आधी पूर्ण भरून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी दाब पुन्हा मोजावा. तो टिकला नाही, तर मात्र तिचे आयुष्य संपत आले आहे.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाची घनता पाहावी. पाच घटांत ती १.२५ च्या आसपास आणि एकाच घटात १.१५ असेल, तर तो एक घट निकामी झाला आहे आणि त्याच्यासह संपूर्ण बॅटरी बदलावी लागेल.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची असूनही बहुधा तीच राहून जाते. इंजीन मध्यम वेगात चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवरील दाब मोजावा. तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असला पाहिजे. तो १३ च्या आत राहत असेल, तर बॅटरी भरलीच जात नाही. १५ च्या वर जात असेल, तर आतील पाणी उकळल्यासारखे उडून जाते आणि पट्ट्या कोरड्या पडतात. दोन्ही प्रसंगी रेग्युलेटर, वीज निर्माण करणारे यंत्र आणि त्यांच्या तारा आधी दुरुस्त कराव्यात.

निवड कशी करावी

बॅटरीवर तिची क्षमता अँपिअर-तासांत लिहिलेली असते. उत्पादकाने आपल्या रिक्षेसाठी जी क्षमता सांगितली आहे, तीच घ्यावी. डिझेलच्या इंजिनाला फिरविण्यास अधिक जोर लागत असल्याने त्याची बॅटरी मोठी असते. एका रिक्षेला चालली म्हणून दुसरीला चालेल असे नाही. लहान बॅटरी स्वस्त पडते. पण ती रोज खोलवर रिकामी होते आणि लवकर संपते. लांबी, रुंदी, उंची आणि धन टोक कोणत्या बाजूस आहे, हेही जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे. टोके उलट्या बाजूस असली, तर तारा ताणाव्या लागतात आणि चुकीच्या जोडणीचा धोका उद्भवतो.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख अवश्य विचारावी. कित्येक महिने न भरता दुकानात पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. अशी बॅटरी नवी दिसली, तरी तिचे बळ कमी झालेले असते. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख घालून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

बसविण्याचा क्रम

प्रथम चावी बंद करून दिवे आणि इतर उपकरणे बंद करावीत. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. तार काढताना आधी ऋण म्हणजे मायनसची आणि नंतर धन म्हणजे प्लसची काढावी. ऋण तार रिक्षेच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती जागेवर असताना प्लसचा नट सोडविणारा पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि तो स्फोटक असतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी-सिगारेट किंवा काडी पेटवू नये.

जुनी बॅटरी उभीच धरून बाहेर काढावी. तिची बैठक आणि तारांची टोके पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुऊन कोरडी करावीत. सोडा घटांत मात्र जाऊ देऊ नये. नवी बॅटरी ठेवल्यावर पट्टी घट्ट आवळावी. तीनचाकीला खड्ड्यांतून बसणारे हादरे सैल बॅटरीच्या पट्ट्यांवरील लेप झाडून टाकतात. त्यानंतर जोडणीचा क्रम उलटा : आधी प्लस, शेवटी मायनस. टोके आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. वायू बाहेर नेणारी नळी असल्यास ती दुमडलेली नाही, याची खात्री करावी. शेवटी इंजीन सुरू करून दाब पुन्हा एकदा मोजावा.

आम्ल डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

निगा

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. थंडीपेक्षा उष्णताच बॅटरीचे आयुष्य अधिक खाते; तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात रिक्षा शक्यतो सावलीत उभी करावी आणि घटांतील पातळी वरचेवर पाहावी. कमी पडेल ते डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी नको आणि आम्ल तर मुळीच नको. बंदिस्त बॅटरी उघडण्याच्या खटपटीत पडू नये.

इंजीन बंद ठेवून गाणी आणि शोभेचे दिवे चालू ठेवण्याची सवय महागात पडते. ६० वॅटचा भार १२ व्होल्टवर ५ अँपिअर वीज घेतो. दोन तासांत १० अँपिअर-तास, म्हणजे २० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मा साठा खर्ची पडतो.

जुन्या बॅटरीचे काय?

जुन्या बॅटरीच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो. ती घराच्या कोपऱ्यात ठेवू नये आणि उघड्यावर शिसे वितळविणाऱ्यास विकू नये. त्या धुरातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचविते आणि सांडलेले आम्ल माती व पाणी नासविते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. बहुधा तिच्या बदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

व्होल्टमापकाने तपासणी करण्यास जाणत्या कारागिराला काही मिनिटेच लागतात. तेवढा वेळ खरेदीपूर्वी दिला, तर अनेकदा नवी बॅटरी घ्यावीच लागणार नाही. आणि घ्यावी लागली, तर ती आपले पूर्ण आयुष्य जगेल. पहाटे दवाखान्याकडे निघालेल्या माणसाचा भरवसा तळावरच्या त्या पहिल्या रिक्षेवर असतो. तो सार्थ ठरविणे चालकाच्या हाती आहे.