अमाउंट, पण कोणती?

आम्ही नवी मुंबईत खाडीकाठच्या गावठाणांमध्ये बचत गटांचं काम बघतो. आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलाय : अमाउंट.

आमच्या एका गटातली ताई मासळी विकते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिचा कर्जाचा एक हप्ता चुकला. मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. मुलाने वाचून दाखवलं, "आई, अमाउंट एकतीस हजार दोनशे." ताईला वाटलं, एवढे सगळे आत्ताच भरायचे! दुसऱ्या दिवशी मंगळसूत्र रुमालात बांधून ती सोनाराकडे निघाली होती. वाटेत आमची गाठ पडली म्हणून बरं. आम्ही मेसेज पुन्हा वाचला. त्यात अमाउंट दोन होत्या. 'आउटस्टँडिंग अमाउंट' ३१,२०० आणि 'ओव्हरड्यू अमाउंट' २,४००. पहिली म्हणजे कर्जाची एकूण बाकी. ती पुढे हप्त्या-हप्त्यानेच फेडायची असते. दुसरी म्हणजे थकलेला हप्ता. तो तेवढा आता भरायचा होता. गटाच्या अंतर्गत कर्जातून ताईने २,४०० भरले. मंगळसूत्र गळ्यातच राहिलं.

म्हणून सांगतो, अमाउंट म्हणजे रक्कम, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कागदावर हा शब्द एकटा नसतो. त्याच्या आधीचा शब्द वाचायचा. 'सँक्शन्ड' म्हणजे मंजूर झालेली. 'डिस्बर्स्ड' म्हणजे प्रत्यक्ष दिलेली. पन्नास हजार मंजूर झाले आणि खात्यात कमी आले, तर मधले कशापोटी कापले ते विचारायचं. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल, 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज. हप्त्यात दोन्ही असतात.

या फरकावर पैसे अवलंबून असतात. तारण न घेता कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जे सूक्ष्म कर्ज मिळतं, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. हप्ता उशिरा भरला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा, सगळ्या कर्जावर नाही, असं त्यात आहे. समजा दंड दोन टक्के आहे. २,४०० वर तो ४८ रुपये होतो, ३१,२०० वर ६२४. मुदतीआधी कर्ज फेडलं तर या कर्जाला दंडच नाही. आणि कर्जाची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागते. तेव्हा "मराठीत द्या" म्हणायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

आता बाजारातली अमाउंट. घाऊक बाजारातून माल आणला की बिलावर रकाने असतात : क्वांटिटी, रेट, अमाउंट. क्वांटिटी म्हणजे किती नग किंवा किती किलो, रेट म्हणजे दर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे अमाउंट. पापडासाठी २० किलो उडीद डाळ १२० रुपयांनी घेतली, तर तिथे २,४०० च हवेत. पैसे देण्याआधी एवढा गुणाकार करून बघाच.

इंग्रजीत हा शब्द पैशांपुरताच नाही. पाणी, साखर, वेळ, जे एक-दोन-तीन असं मोजत नाहीत, त्यालाही अमाउंट म्हणतात. तिथे आपण 'प्रमाण' म्हणतो. बायका किंवा पापड मोजायचे असतील तर मात्र शब्द 'नंबर', म्हणजे संख्या.

शेवटी चेकचं. चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, अशी दोनदा लिहितात. दोन्हींत फरक पडला तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. म्हणून गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी अक्षरं पूर्ण लिहून झाल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या चेकवर तर कधीच नाही.

रक्कम हा शब्दही पूर्वी अरबीतून आला आणि आपला झाला. अमाउंटही होऊ दे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपलं कर्जाचं कार्ड नाहीतर मेसेज आणा. अमाउंट दिसली की तिच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवा आणि एकमेकींना विचारा, "बाई, कोणती अमाउंट?"